देवाच्या दोन गाण्यांमधलं गाणं

तिसगाव, ता. पाथर्डी
२० नोव्हेंबर २०२४

झुळूक एफएमच्या भार्गवीताईंना तिसगावच्या मालनबाईचा रामराम.

ताई, तुमी रोज सकाळी म्हनता, फोन तर समदेच करत्यात, कुनीतरी पत्र लिवा. म्हनून लिवते. माजी सातवी झालेली हाय, अक्षराला हसू नका. सहाला धार काढताना रेडिओ गोठ्यातल्या खुटीला अडकवलेला असतो. तुमचा आवाज न्हाई आला तर आमची चंद्री म्हैस पान्हा चोरती. खोटं न्हाई सांगत.

आता कामाचं. आमचं बायांचं भजनी मंडळ हाय. मी आन् माजी थोरली जाऊ रतनबाई, दोघींनी मिळून काढलं. त्या वळ सुरू करत्यात, उंच जागा मी उचलते. आजवर सप्त्यात आमी खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या, आन् स्टेजवर समदे बाप्ये. लई वर्सं मागून मागून कमिटीनं औंदा कबूल केलं, चैत्राच्या सप्त्यात एक दिवस कीर्तनाच्या आधी तासभर बायांचं भजन, स्टेजवर, माईक लावून. आमी पुरणपोळ्या केल्या त्या दिवशी.

त्याच्या आधी काकडा समाप्तीला देवळात म्हनायची पाळी आली. मी तुमच्या सहाच्या गान्यातलं ते नवं गानं बसवलं हुतं. ‘दिवा मालवला नाही, कडी लावली नाही, तू ये सावळ्या, मला मागायचं काही नाही.’ चाल धरली आन् मागची पोरं फिदीफिदी हसाया लागली. एकानं मोबाईल काढून आप्पासाहेबांच्या नाकापुढं धरला. आप्पासाहेब कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी उठून माईकचं मशीनच बंद केलं. माजं तोंड उघडं आन् आवाज गायब. म्हनले, “सिनेमाचं गानं देवापुढं? लाज धरा.” आन् सप्त्यातला आमचा तास काढून घेतला.

आता मंडळातल्या बाया मला बोल लावतात. रतनआक्का तर बोलायच्याच बंद झाल्या. आमची घरं भिताडाला भिताड हायेत ताई. त्यांच्या घरात भाकरी थापल्याली मला ऐकू येती, पन त्या शब्द काढत न्हाईत.

ते गानं तुमी अभंगाच्या मागनं आन् गनपतीच्या आरतीच्या आधी लावता. देवाच्या दोन गान्यांच्या मधी बसवलंय म्हंजी ते देवाचंच असनार, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. तवा तुमी सहाच्या टायमाला तुमच्या तोंडानं सांगा, आप्पासाहेबांचं नाव घेऊन, का हे गानं देवाचं हाय. डेरीवर समदं गाव तुमालाच ऐकतं. रेडिओवर सांगितलं म्हंजी झालं. तेवढं करा, तुमचे उपकार न्हाई फिटनार.

तुमची,
मालनबाई सहादेव


केडगाव, अहिल्यानगर
२ डिसेंबर २०२४

प्रिय मालनबाई,

तुमचं पत्र! अहो, ऑफिसमध्ये नुसती धमाल उडाली! आम्ही गेलं वर्षभर "पत्र लिहा, पत्र लिहा" म्हणून ओरडतोय आणि येतात ती सगळी लाइटबिलं. तुमचा निळ्या शाईतला कागद मी सगळ्यांना फिरून दाखवला.

तुम्ही ऐकलंच असेल, शुक्रवारी मी ते वाचलं. गोठा, खुंटी, पान्हा चोरणारी चंद्री... लोकांचे किती फोन आले म्हणून सांगू! शेवगावहून एक काका म्हणाले, आमची म्हैस पण तुमच्याच आवाजावर आहे. नंतर तुमच्यासाठी ते गाणं लागोपाठ दोनदा लावलं. सप्त्याबद्दल वाचून वाईट वाटलं. गाणं इतकं गोड आहे की कुणी त्याला नावं ठेवूच शकत नाही. सगळं ठीक होईल, तुम्ही गात राहा.

सोबत आमच्या स्टेशनची टोपी पाठवते आहे. घालून फोटो पाठवाल ना?

तुमची लाडकी,
आरजे भार्गवी


तिसगाव
११ डिसेंबर २०२४

भार्गवीताई,

टोपी पोचली. ज्वारीतल्या बुजगावन्याला घातली, त्याला शोभती.

तुमी माज्या पत्रातली म्हैस वाचली आन् मला टाकून दिलं. आप्पासाहेबांचं नाव न्हाई, मंडळाचं न्हाई, सप्त्याचं न्हाई. नुसती चंद्री. आता डेरीवर गेले का किटली खाली ठेवायच्या आत इचारत्यात, “काय मालनबाई, पान्हा सोडला का?” आप्पासाहेबांचा चुलता माज्या तोंडावर म्हनला, देवाचं गानं सिद्ध कराया गेली आन् म्हैस फेमस करून आली. मी खाली मान घालून आले. तुमच्या हापिसात धमाल उडाली, हितं माजी इज्जत उडाली.

रतनआक्कांनी मंडळाचे टाळ माज्या वट्ट्यावर आनून ठेवले आन् न बोलता गेल्या. टाळ ठेवायचे म्हंजी मंडळ सोडलं. बाकीच्या बाया त्यांच्याकडं बघून सुटतील. मग काय एकटीनं म्हनू का भिताडापुढं?

गोड हाय, ठीक होईल, हे मला नगं. मला एक शब्द लिवा. ते गानं देवाचं हाय का न्हाई?

मालनबाई


केडगाव
१९ डिसेंबर २०२४

मालनबाई, नमस्कार.

लाडकी वगैरे लिहायला आता तोंड नाही. तुमचं पत्र मी पहिल्या वेळेलाही पूर्ण वाचलं होतं. तुम्ही काय मागताय ते मला कळलं होतं. कळलं म्हणूनच फक्त म्हैस वाचली.

एक शब्द मागितलात. नाही. ते सिनेमातलं गाणं आहे. एक मुलगी एका मुलाची वाट बघते. तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो, कारखान्यावर खेप टाकून यायचा असतो. तिनं दार उघडं ठेवलंय. सावळा म्हणजे तो मुलगा, कारण तो खरंच सावळा आहे. शेवटी तो येतो आणि दोघं ट्रॉलीवर चढून नाचतात. तुमच्या गावच्या मुलांनी आप्पासाहेबांना दाखवलं ते हेच असणार.

आता ते सहाच्या गाण्यांत कसं आलं ते सांगते. माझी आई, अंबिका, देवापुढे वाती वळताना ते गुणगुणायला लागली. सिनेमा यायच्या आधी नुसतं गाणंच आलं होतं. माझे बाबा पूजा सांगतात, नगरात अर्ध्या घरांचे सत्यनारायण त्यांच्याकडे असतात. त्यांनी आईला विचारलं, “हे कुठल्या संताचं गं?” घरात असं झाल्यावर मला शंका आली नाही. मीच ते सकाळी लावलं, ऑफिसला विचारलंही नाही. मग सिनेमा आला, मी तो पाहिला आणि ट्रॉली आल्यावर चूक कळली. पण तोपर्यंत रोज फोन येत होते की सकाळचं ते भजन परत लावा. मी गप्प बसले. लोकांना आवडतंय ना, मग कशाला, असं स्वतःला सांगितलं. तुम्ही देवळात ते म्हणाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या वाचनानंतर, भजनांत सिनेमाचं गाणं कशाला, अशा तक्रारीही आल्या. साहेबांनी सोमवारपासून ते दुपारच्या प्रेमगीतांत टाकलंय.

मावशी, चूक माझी आहे. म्हणाल तर मी कमिटीला पत्र लिहिते, माझ्या नावानं, की मालनबाईंनी रेडिओवर विश्वास ठेवला आणि रेडिओनं त्यांना फसवलं. तुम्हाला मावशी म्हटलेलं चालेल का, ते मात्र विचारायला हवं होतं.

भार्गवी


तिसगाव
३० जानेवारी २०२५

चि. भार्गवीला मालनमावशीचा आशीर्वाद.

मावशी म्हन बाई. राग तर लई आला हुता. तुजं पत्र वाचलं आन् चुलीत घालाया निघाले, मग मागच्या पानावर हिशेब करायला बरं म्हनून ठेवलं. रेडिओ खुटीवरनं काढून फडक्यात गुंडाळला. चंद्रीनं दोन दिवस नखरे केले, मग तिलाबी सवय झाली.

संक्रांतीला वाण द्यायला भाची पूजा आली हुती. तिला म्हनले, दाव गं मला ते गानं, चित्रासकट. पोरगी लाजली. म्हनली, मामी, तुला न्हाई आवडायचं. म्हनले, दाव तर. पयल्यांदा मलाबी हसू आलं. ती ट्रॉलीवरची नाचानाच म्हंजी काय, आमच्या ट्रॉलीवर असं नाचलं तर पाटा मोडंल. पन त्याच्या आधी ती पोरगी उंबऱ्यात बसलीय आन् म्हनतीय ना, ‘मला मागायचं काही नाही’, तिथं मी पूजाला म्हनले, थांब, पुन्यांदा लाव. चारदा बघितलं.

भार्गवी, मी देवाला आजवर नुसतं मागत आले गं. पाऊस दे. पोटी पोर दे. म्हशीला रेडी हू दे. मालकांचा गुडघा बरा हू दे. हात जोडले का तोंडातनं मागनंच निघतं. आन् ती पोरगी कायबी मागत न्हाई, नुसतं ये म्हनती. त्या डोळ्यांनी मी एकदाबी मूर्तीकडं बघितलं न्हाई. मला वाईट वाटलं ते ह्याचं, सिनेमाचं न्हाई.

मग मी डोक्यावर पदर घेतला आन् मारुतीच्या देवळात कमिटीच्या बैठकीत गेले. तुज्या पत्राची गरज न्हाई, मला तोंड हाय. म्हनले, व्हय, गानं सिनेमाचं हाय, मला ठाव नव्हतं, चुकलं. पन एक इचारते. मागल्या सप्त्यात महाराजांनी पावली खेळवली, समदं गाव नाचलं, आप्पासाहेब तुमीबी नाचले. ती चाल कुठली? माज्या लग्नातल्या बँडवाल्यानं तीच वाजवली हुती, सिनेमाचीच. आन् गौळण म्हनता तवा? राधेची वाट अडवली, घागर फोडली, पदर वढला, ते चालतं न्हवं?

सहादेव, म्हंजी आमचे मालक, मागं बसले हुते. ते खोकल्यागत करून हसले. आप्पासाहेब लालेलाल. म्हनले, “मालनबाई, चाल कुठलीबी चालती. पहिल्यापासनं चालत आलीय. शब्द तेवढे संतांचे पायजेत. शब्दाला आमी हात लावू देनार न्हाई.” माणूस वाईट न्हाई गं. त्याला बाकीच्या गावांत नाव जायचं भ्या वाटतं.

लई वेळ घोळ झाला. शेवटी ठरलं. मंडळाला तास परत द्यायचा. अभंग आधी कमिटीला दावायचे. आन् मालनबाईनं स्टेजवर चढायचं न्हाई, म्हंजी परत चर्चा नगं.

मी व्हय म्हनले. मंडळ मोठं का मी मोठी? मी टाळ उचलले आन् रतनआक्काच्या वट्ट्यावर ठेवून आले. त्या आत हुत्या, भायेर आल्या न्हाईत, पन दुसऱ्या दिवशी टाळ घरात गेल्याले दिसले. म्हंजी त्या म्हननार. बरं झालं. मला त्याचं काई वाटत न्हाई.

वाटतं गं. लई वाटतं. ह्या मंडळासाठी मी घराघरात हिंडून बायांच्या सासवांचे पाय धरले. आन् आता त्या वर आन् मी खाली.

तुला जमलं तर ते गानं पुन्यांदा सहाला लाव. दुपारी कोन मोकळं असतं ऐकायला?

तुजी मालनमावशी


केडगाव
८ फेब्रुवारी २०२५

मालनमावशी, साष्टांग नमस्कार.

तुम्ही का मान्य केलंत? मंडळ तुमचं, गाणं माझ्यामुळे आलं आणि शिक्षा तुम्हाला. मला सांगा, मी येते, आप्पासाहेबांसमोर उभी राहते. आमच्या साहेबांना वाटतं तसं रेडिओवाल्यांना गावात मारत नाहीत ना?

गाणं सहाला लावायचं मी दोनदा मागून पाहिलं. साहेब म्हणाले, देवाधर्माच्या भानगडीत स्टेशन पडणार नाही. देव सकाळी, प्रेम दुपारी, असं त्यांचं टाइमटेबल आहे. मी भांडले, पण नोकरी टाकण्याइतकं भांडले नाही. हेही तुम्हाला खरंच सांगते.

आईला मी सिनेमाची गोष्ट सांगितली. वाटलं, तिला धक्का बसेल. ती वाती वळत होती. म्हणाली, “त्या मुलीचं तिनं बघावं. मी माझ्या देवाला म्हणते.” आणि परत तेच म्हणायला लागली. बाबा मात्र आता त्या वेळी खोलीतून उठून जातात, पण दार लावत नाहीत.

सप्त्यात तुमच्या मंडळाचा दिवस कळवा. मी सुट्टी टाकते. तुमच्याबरोबर खाली सतरंजीवर बसेन.

तुमची भार्गवी


तिसगाव
१४ एप्रिल २०२५

चि. भार्गवी,

तू आली न्हाईस. फोनवर रडत हुतीस, शिफ्ट बदलली म्हनून. रडू नगं. तू असतीस तर मला तुज्याकडं बघावं लागलं असतं, मग समदं हुकलं असतं. आता नीट बसून वाच.

बायांचं भजन दशमीला ठेवलं हुतं. पेंडॉल गच्च. आसपासच्या गावांचे लोक ट्रॅक्टर भरभरून. बाया स्टेजवर चढल्या. समद्यांनी एका रंगाची लुगडी घेतली हुती, मीबी घेतलं हुतं, तेच नेसून खाली पयल्या रांगेत बसले. शेजारी बसल्याली बायडाबाई माज्या कानात म्हनली, “मालन, तू वर न्हाईस तर डोळ्याला बरं दिसत न्हाई.” मी म्हनले, गप बस.

मधी रतनआक्का. हातात टाळ. बरं का, ह्या दोन महिन्यांत त्या कुठं बसवत हुत्या, काय बसवत हुत्या, मला कुनी सांगितलं न्हाई. मी गेले का बाया गप व्हायच्या. मला वाटायचं, मला टाळतात. जिवाला लई लागलं हुतं, तुला लिवलं न्हाई.

पयले दोन अभंग झाले, नेहमीच्या चालीवर. लोक आपले जेवनाची वाट बघत बसल्यागत. मग तिसरा. कमिटीनं पास केल्याला, संतांचा अभंग, आमच्या आज्जीच्या तोंडचा. आक्कांनी डोळे मिटले आन् पयली ओळ उचलली. भार्गवी, त्या गान्याची चाल! दिवा मालवला न्हाईची! शब्द संतांचे, आन् चाल ट्रॉलीवरच्या पोरीची. अक्षर न् अक्षर बसवलं हुतं, कुठं खोच न्हाई का वढ न्हाई. जी बाई टाळ माज्या वट्ट्यावर टाकून गेली, तिनं माजीच चाल धरली.

मी आप्पासाहेबांकडं बघितलं. ते मशीनजवळच खुर्चीवर हुते. चाल त्यांनी वळखली, पेंडॉलमधल्या समद्यांनी वळखली, पोरं तर उभीच राह्यली. आप्पासाहेब उठले. मी म्हनले, गेलं, आता पुन्यांदा बंद. तोवर कीर्तनाचे महाराज मागनं म्हनले, “आप्पासाहेब, शब्द संतांचे हायेत.” आप्पासाहेबांनी मशीनवर हात ठेवला, जरा थांबले आन् परत खाली बसले. दुसरं करनार काय? चाल कुठलीबी चालती, हे त्यांनीच सांगितल्यालं.

पन पुढची गोष्ट ऐक. त्या चालीत जिथं ‘तू ये’ येतं ना, तिथं ती एकदम वर चढती. आक्कांना तिथं दम पुरत न्हाई. कधीच पुरला न्हाई. मंडळात ती जागा माजीच असायची, त्या सोडायच्या आन् मी उचलायची. आता मी खाली. आक्का त्या जागेवर आल्या, आन् मला दिसलं, श्वास संपला. तोंड उघडं, आवाज न्हाई. इचार कराया टाइमच नव्हता गं. मी खालनंच उचलली. माईक न्हाई, काई न्हाई. बसल्या जागेवरनं, होता न्हवता तेवढा जीव लावून. मागच्या बाया धरायला लागल्या, तुज्या रेडिओनं समद्यांना चाल पाठ करून दिलीय. वर रतनआक्का, खाली आमी. आक्का तसंच डोळे मिटून म्हनत हुत्या, पन गालावरनं पानी चाललं हुतं. माज्यावर अट स्टेजवर न चढायची हुती. मी कुठं चढले?

कीर्तन संपलं, पंगती बसल्या. मी हात धुत हुते. आक्का मागनं आल्या. पाच महिन्यांत पयला शब्द. म्हनल्या, “चाल उंच धरली का गं मी?”

म्हनले, “व्हय आक्का, लई उंच.”

“मुद्दाम धरली,” आक्का म्हनल्या. “म्हनलं, बघू तू खाली कशी गप बसतीस ते.”

मी तशीच वल्ल्या हातांनी त्यांच्या गळ्यात पडले. त्या म्हनल्या, “अगं सोड, नवं लुगडं भिजवलंस.” मग दंडाला धरून मला पंगतीत घेऊन गेल्या आन् मांडीला मांडी लावून बसवलं. वाढायला आप्पासाहेब हुते, सप्त्याची आमटी-भाकरी. त्यांनी आमच्या दोघींच्या ताटात मुकाट्यानं आमटी वतली, म्होरं गेले, आन् परत मागं येऊन आनिक वतली. आमटी लई तिखट हुती, नाकाडोळ्यांतनं पानी आलं. आमी दोघींनी भुरकून खाल्ली.

आईला नमस्कार सांग. सुट्टी मिळंल तवा ये, आक्कांना तुला बघायचंय.

तुजी,
मालनमावशी